नाव टाकून देऊ का?

पोलंडात ऑस्कर झ्येंता नावाचा एक वास्तुविशारद आहे. त्यानं लोखंडाचे दोन पातळ पत्रे एकावर एक ठेवले, कडेकडेनं वेल्ड केले आणि मधल्या फटीत दाबानं हवा सोडली. पत्रे फुगले, तीन पायांचं स्टूल झालं. नाव 'प्लॉप'. त्याच देशातल्या 'मालाफोर' नावाच्या जोडगोळीनं, ट्रकात-कंटेनरात माल हलू नये म्हणून खोक्यांच्या मधे कोंबतात त्या कागदी हवेच्या पिशव्या घेतल्या, लोखंडी सांगाड्यात अडकवल्या आणि सोफा म्हणून विकायला काढल्या. 2009 साली ब्रुसेल्सला 'अनपॉलिश्ड' नावाचं अशाच तरुण पोलिश डिझायनरांचं प्रदर्शन लागलं, ते पुढं देशोदेशी फिरलं. विषय काय, तर आपल्या घरात-ओसरीवर पडलेल्या असतात तसल्याच रोजच्या वस्तू.

हसायचं असेल तर हसून घ्या. पोलिश माणूस आपल्याला तसा परका नाही. 1943 ते 48 या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहून गेले. थोडं हसलेलं ते चालवून घेतील.

हे प्रदर्शन आमच्या सुलतानपूरला येण्याचा संभव नाही. बाहेरचा माणूस इथं येतो तो लोणारचं विवर बघायला निघालेला असतो, आमच्याकडे फक्त चहाला थांबतो. मला त्या प्रदर्शनातल्या स्टुलाचा हेवा वाटत नाही, सोफ्याचा तर नाहीच. हेवा वाटतो शेजारच्या पाटीचा. बोटभर पाटी असते. वस्तूचं नाव, कशाची केली, कोणत्या साली केली आणि कुणी केली. स्टूल करणाऱ्याचं नाव स्टुलाशेजारी! आपल्याकडे ही कल्पनाच कुणाला सुचलेली नाही.

नावं लिहायचा आपल्याला कंटाळा आहे असं मात्र कुणी म्हणू नये. भांड्यांच्या दुकानात जा. स्टीलचा डबा पसंत पडला, पैसे दिले, की दुकानदार विचारतोच, "नाव टाकून देऊ का?" मग ते बारकं मशीन टर्र करतं आणि काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उमटतात. अमक्यांजकडून तमक्यांस सप्रेम भेट, तारीख, गाव. घरच्या मांडणीवर सगळं गोत नावानिशी हजर असतं. कोणत्या मामानं पातेलं दिलं आणि कोणत्या मामानं नुसती वाटी, हे तीस वर्षांनंतरही वाचता येतं. डबा कुणी घडवला ते काही त्यावर नसतं. मंडपवाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या बघा: पाठीवर ऑइलपेंटनं मंडपवाल्याचं नाव. देवळातला पंखा बघा: तिन्ही पात्यांवर देणगीदार, आणि पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही म्हणून तो बंद ठेवल्यासारखा हळू फिरतो.

या कलेचा कळस म्हणजे फाट्यावरचा सिमेंटचा बाक. महाराष्ट्रात कोणत्याही फाट्यावर बसून बघा. बसायची फळी अरुंद, मांडी निम्मी बाहेर. पाठ मात्र रुंद आणि ताठ, अगदी काटकोनात. माणसाची पाठ अशी कधीच नसते. पण बाकाची पाठ माणसाच्या पाठीसाठी केलेलीच नाही, ती नावासाठी केली आहे. कुणाच्या निधीतून, कुणाच्या प्रयत्नातून, कुणाच्या शुभहस्ते, एवढं सगळं बसवायचं तर जागा लागतेच. पाठ जरा मागं कलती केली तर अक्षरं आभाळाकडे तोंड करतील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार नाहीत. पक्ष विचारू नका, सगळ्या पक्षांचे बाक सारखेच टोचतात. पोलंडवाल्यांनी वस्तू माणसाच्या अंगाला कशी बसेल याचा विचार केला असेल. आम्ही नाव वस्तूला कसं बसेल याचा केला आहे. यालाही डिझाइनच म्हणतात.

यावर शहाणी माणसं सांगतील की आपल्याकडच्या वस्तू एका माणसाच्या नसतातच, त्या परंपरेच्या असतात. खरं आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथं फिरलं आणि 1958 साली त्यांनी अहवाल दिला. त्यात सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असेल तर लोट्याचं. तो कुणा एकानं घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या अनेक हातांखालून जात त्याचा आकार ठरला, असं त्यांचं म्हणणं. पुढं 1961 मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. लोट्याचं कौतुक करून झालं आणि आपण न्हाणीघरात प्लॅस्टिकचा मग ठेवला.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर अडकित्त्यांपुढून पाय निघत नाही. दिनकर केळकरांनी एकेक करत गावोगावहून दिवे, वज्री, कुलपं, फण्या, अडकित्ते गोळा केले. लोक ज्या वस्तू मोडीत घालत होते त्या त्यांनी कपाटात ठेवल्या, आणि अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. त्या माणसाला हात जोडावेत. पण सुपारी कातरायच्या साध्या हत्यारावर ज्यानं मोर बसवला, घोडा बसवला, त्या कारागिराचं नाव शोधू गेलात तर काय हाती लागणार? पितळ, अमुक प्रांत, अमुक शतक. शतकाचं नाव आहे, माणसाचं नाही. त्या काळी त्याची गरजही नसेल. आमच्याकडेही तिफण कुणाच्या हातची हे बांधावरून ओळखणारी माणसं होती. सरत्यातून दाणे नीट पडले की सुताराचं नाव आपोआप घेतलं जायचं, आणि नीट नाही पडले तर जास्तच घेतलं जायचं. आता ट्रॅक्टरनं पेरतात, नाव कंपनीचं, बॉनेटवर.

परवा गावातल्या वेल्डिंगवाल्याला त्याच्या दुकानात मोबाइलवर त्या फुगलेल्या स्टुलाचा फोटो दाखवला. वाटलं होतं, हसेल. त्यानं काळा चष्मा कपाळावर सारला, फोटो बोटांनी मोठा केला आणि स्टुलाकडे नाही, कडेकडे बघत राहिला. "टाका कुठंच सुटला नाही," म्हणाला. "सुईएवढं भोक राह्यलं असतं तरी हवा निघून गेली असती. पातळ पत्रा हाय, जरा हात रेंगाळला की जळते." म्हणजे कलासमीक्षक ज्यावर पानभर लिहितील ते त्यानं बाजूला ठेवलं आणि जे खरंच अवघड होतं तेवढं बरोबर उचललं.

त्याच्या दुकानाबाहेर सायकल-डवरा उभा होता. जुन्या सायकलचं पुढचं चाक, तिचंच हँडल, मागं नळी जोडून खाली पास बसवलेली. सोयाबीन जरा वर आलं की दोन ओळींतून एकटा माणूस ढकलत नेतो आणि तण कापत जातो. बैलजोडीचं भाडं वाचतं. असे डवरे विदर्भ-मराठवाड्यात सगळीकडे दिसतात. पण याच्याकडच्याची मूठ गिऱ्हाइकाच्या उंचीप्रमाणे वर-खाली करता येते, नळीला भोकं पाडून खिळी घातली आहे. बुटक्या बाईला वाकावं लागू नये म्हणून केलं, म्हणाला. ब्रुसेल्समध्ये या भोकांवर एक परिसंवाद झाला असता.

मी म्हटलं, यावर नाव टाक की तुझं. पत्र्याची बारकी पट्टी, चार अक्षरं. मी वेडा आहे का, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"नाव टाकलं ना भाऊ, तर मोडला की लोक माझ्याच दारात आणून टाकतील."

फाट्यावरच्या बाकाचा एक कोपरा उडून गज बाहेर आले आहेत. नाव ठळक आहे, पत्ता सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाक सिमेंटचा आहे, उचलून कुणाच्या दारात नेता येत नाही. डिझाइन करणाऱ्यानं तेवढं मात्र बघितलेलं दिसतं.