माई म्हणतात, आधी घड्याळ बघ

कोपऱ्यावरच्या बंगल्यातले अण्णा अंटार्क्टिकाला निघालेत, ही बातमी मला माईंनी दिली आणि माईंना इस्त्रीवाल्याने. आमच्या नाशिकच्या कॉलनीत वर्तमानपत्रं घरोघर येतात, पण खरी बातमी इस्त्रीच्या गाठोड्यातूनच पोचते. मे महिन्यात अण्णांकडून लोकरीच्या बंड्या इस्त्रीला आल्या, तेव्हाच त्याला संशय आला होता.

"अगं, आधी विमानं बदलत बदलत अर्जेंटिनाच्या शेंड्यावर, उशुआयाला जायचं. तिथून पुढे जहाज. नुसता ड्रेक पॅसेज ओलांडायला दोन दिवस, आणि तिथला समुद्र म्हणजे काय सांगू!" माईंनी पाण्याची नळी जास्वंदीच्या बुडाशी सोडली आणि भिंतीवर कोपर टेकवला. म्हणजे आता अर्ध्या तासाची निश्चिंती. "आणि निघालेत कोण? तर अण्णा! त्र्यंबकच्या एसटीत लिंबू हुंगत बसणारा माणूस."

"गोळी घेतील की, माई."

"घेतील. गोळीने उलटी थांबेल गं, हौस कुठली थांबायला!"

माई सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. मुलगा सॅन होजेला, मुलगी मेलबर्नला. त्यामुळे विमानप्रवास आणि माणसाचं शरीर या दोन्ही विषयांत कॉलनीत त्यांच्या शब्दाच्या पुढे कोणी जात नाही. मला नेमकं तेच हवं होतं. आमचे हे मार्चमध्ये रिटायर होताहेत आणि सध्या त्यांच्या डोक्यात 'लांब कुठेतरी' शिरलंय. कुठे ते ठरलेलं नाही, पण लांब. परवा रात्री मला झोपेतून उठवून सांगितलं, सिंगापूरहून न्यूयॉर्कला एक विमान जातं, पंधरा हजार किलोमीटरच्या वर, अठरा तासांहून जास्त वेळ न थांबता. सांगताना चेहरा असा, की जणू तिकीट फुकट आहे.

"दिवस किती आहेत तुमच्याकडे?" माईंनी विचारलं.

"दहा-बारा. पुढे सुनेचं सातव्या महिन्याचं आहे."

"मग अमेरिकेचं नाव काढू नको. लांब म्हणजे किती मैल ते बघायचं नसतं. आधी घड्याळ बघ. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा किती तास पुढेमागे आहे? सॅन फ्रान्सिस्कोला उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक. आपली रात्र तो त्यांचा दिवस. शरीर रुळतं ते दिवसाला साधारण तासाभराच्या हिशेबाने. म्हणजे तू तिथे नीट झोपायला लागशील तोवर परतीचं विमान दारात. मुलाकडे चार महिने जायचं तर गोष्ट वेगळी. पण ती सहल नव्हे, ती ड्यूटी."

हे बोलताना माईंनी पलीकडच्या गल्लीकडे नुसती मान वळवली आणि मला कळलं, आता जोशीणबाईंच्या जावेचा विषय. त्या गेल्या आठवड्यात लेकीकडून परतल्या. भिशीत चिठ्ठी त्यांच्याच नावाची निघाली आणि बाई सोफ्यावर तोंड उघडं टाकून गाढ. "हाका मारून दमलो," माई म्हणाल्या, "शेवटी नाव वाचणारीनेच त्यांचे पैसे पर्समध्ये कोंबले. आणि रात्री दोन वाजता ह्यांच्या स्वयंपाकघरात दिवा! इस्त्रीवाल्याचा भाऊ गस्तीला असतो, त्याने पाहिलं. बाई पोळ्या लाटत होत्या."

यामागचं कारणही माईंनी सांगितलं. माणसाच्या अंगातलं घड्याळ मुळातच चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे दिवस ताणणं त्याला जमतं, आखडणं जमत नाही. पश्चिमेला जाताना दिवस ताणला जातो, पूर्वेला जाताना आखडतो. म्हणून लंडनला जाणारा माणूस दोन दिवसांत हिंडायला लागतो आणि परत आला की चिडचिडा होतो. उपाय एकच, उजेड. पोचल्या दिवशी खोलीचे पडदे लावून पडायचं नाही. ऊन असेपर्यंत बाहेर फिरायचं. दुपारी डुलकी घेतलीच तर अर्ध्या तासाची, गजर लावून.

"आणि विमानात काय करायचं?" मी विचारलं. घरात कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, पण विषय सोडवेना.

"विमान हवेत चाळीस हजार फुटांपर्यंत जातं, पण आतली हवा दाबून सहा ते आठ हजार फुटांवर असते तशी ठेवतात. आपलं कळसूबाई किती? पाच हजार चारशे. म्हणजे तू कळसूबाईच्याही वर दहा-पंधरा तास हातपाय आखडून बसलेली असतेस. एवढ्या उंचीवर पोटातला वायू फुगतो. म्हणून निघायच्या दिवशी छोले, राजमा, कोबी नको, फसफसणारं पेय तर नकोच. आणि हवा इतकी कोरडी की नाक सोलून निघतं. पाणी मागत राहायचं. लाजायचं नाही."

मग पायांवर आल्या. इथे माईंचा आवाज एकदम वॉर्डातला झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली याचा अभ्यास मांडला होता. चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एकाला, म्हणजे घाबरायचं कारण नाही. आणि गंमत म्हणजे हे नुसतं विमानाचं नाही, बस, रेल्वे, मोटार सगळ्यांनाच लागू. "नाशिक-नागपूर रात्रीच्या बसला कोणी पायाचा व्यायाम करतं का? विमानात मात्र भीती!" पण ज्यांना आधी गुठळी झालीय, नुकतं ऑपरेशन झालंय, वजन बरंच आहे, त्यांनी डॉक्टरला विचारून पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे घालायचे. बाकीच्यांनी तासा-दोन तासांनी उठायचं, नाहीतर बसल्या बसल्या टाचा वरखाली करायच्या.

"म्हणूनच कडेची सीट घे. मोठ्या विमानात मधे चार सीटांची रांग असते ना, तिथली कडेची घ्यायची. तिथे तुझ्या अंगावरून फार तर एकच जण जाणार. तिनाच्या रांगेत कडेला बसलीस की दोघं जाणार, तेही नेमके तुझा डोळा लागल्यावर. खिडकीत काय बघायचंय? काळोख."

जेवणाच्या बाबतीत आमच्याकडची एक गोष्ट मी माईंना सांगितली. आमच्या चुलत नणंदेचे यजमान अगदी शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. तिकीट काढताना यादीत 'हिंदू मील' दिसलं, त्यांनी आनंदाने तेच निवडलं. विमानात झाकण उघडलं तर आत कोंबडी. गृहस्थ पुढचे तेरा तास उपाशी आणि घरी आल्यावर महिनाभर संतापलेले. माई हसून हसून भिंतीवर वाकल्या. हिंदू मील म्हणजे फक्त गोमांस नसलेलं जेवण. त्यात कोंबडी, मासे, मटण चालतं. शाकाहारी माणसाने 'एशियन व्हेजिटेरियन' मागायचं, कांदा-लसूण नको असेल तर 'जैन मील', आणि तेही निघायच्या आधी निदान चोवीस तास सांगून ठेवायचं. सांगून ठेवलेली ताटं आधी येतात, हा वरचा फायदा.

"पण चव?" मी म्हटलं. "सगळेच म्हणतात, विमानातलं सपक लागतं."

"ते स्वयंपाक्यामुळे नाही गं. लुफ्तान्झाने जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेकडून हे तपासून घेतलं होतं. वरच्या कमी दाबात आणि कोरड्या हवेत मीठ आणि गोड दोन्ही जिभेला कमी लागतं. जमिनीवर टोमॅटोचा रस न पिणारी माणसं वर आवडीने पितात, ते त्यामुळे. लोणच्याची पुडी जवळ ठेवावी म्हटलं तर तेल सांडतं आणि तपासणीला अडवतात. मी मेतकुटाची पुडी ठेवते. भातावर घातली की झालं."

सामानाचं मात्र माई कडक आहेत, आणि हे सगळ्यांनी नीट ऐकावं. सुक्या खोबऱ्याची वाटी विमानात न्यायची नाही. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोक्याच्या मालात त्याची नोंद आहे. मसाल्यासाठी खोबरं हवंच असेल तर मसालाच भाजून, कुटून न्या. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, आणि ती बंदी आपल्या अनारशाला ओळखत नाही. पॉवर बँक बॅगेत टाकायची नाही, हातातल्या पिशवीत ठेवायची. आणि न्यूझीलंडला निघाला असाल तर मध, बिया, लाडू, फळं, जे काही खायचं जवळ असेल ते प्रवासी घोषणापत्रात लिहा. लिहिलं तर फार तर अधिकारी ठेवून घेतो. लपवलं आणि सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. "मागच्या आळीतल्या एका बाईंनी लाडवाच्या डब्याला 'कपडे' लिहिलं होतं म्हणे," माई म्हणाल्या. ते खरं असेलच असं नाही, पण बाई कोण ते मला कळलं.

व्हीलचेअरवरून आमचं थोडं वाजलं. मी म्हटलं, धडधाकट बायका विमानात बसेपर्यंत व्हीलचेअर मागतात आणि उतरल्यावर पट्ट्यावरून बॅगा स्वतः ओढतात, हे काय? माईंना राग आला. "तू टीका करतेस, पण त्या बाईचं बघ. पंचाहत्तरीची, एकटी, मधे कुठेतरी विमान बदलायचं, पाट्या इंग्रजीत, गेट एका टोकाला. तिचे पाय चालतात, इंग्रजी चालत नाही. ढकलणारा मुलगा तिला गेटपर्यंत नेतो, तिला तेवढंच हवं असतं." यावर मला उत्तर सुचलं नाही. तरीपण नुसती रांग टाळायला मागणारेही आहेत, हे मी इथे लिहून ठेवते. माई हे वाचणार आहेत.

तेवढ्यात आमचे हे पेपर घेऊन अंगणात आले. माईंनी त्यांना तिथेच धरलं.

"भाऊजी, तुम्हाला लांब हवंय ना? मग आफ्रिकेला जा. मुंबईहून नैरोबी साधारण सहा तास, आणि घड्याळ फक्त अडीच तास मागे. खंड बदलतो, झोप बदलत नाही. जुलै ते ऑक्टोबरमध्ये मसाई मारात विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात. पण एक लक्षात ठेवा, नैरोबीच पावणेसहा हजार फुटांच्या वर आहे. ऑगस्टमध्ये स्वेटर लागतो. पुढे रस्त्याने पाच-सहा तास, शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करणारा. पैसे असतील तर विल्सन विमानतळावरून छोटं विमान, पण त्यात सामान जेमतेम पंधरा किलो, तेही मऊ पिशवीत."

"आणि व्हिसा?" ह्यांनी विचारलं.

"त्याऐवजी ईटीए, ऑनलाइन. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पिवळ्या तापाची लस. केनियाला जाताना तुमच्याकडे ती कोणी मागायचं नाही, पण परत येताना आपलेच अधिकारी मागतात. दाखला नसेल तर सहा दिवस अलग ठेवतात. लस निघायच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. पण साठीच्या पुढे पहिल्यांदा घेताना त्रास व्हायचा संभव जास्त, तेव्हा आधी डॉक्टरला भेटा. तुम्हाला साठ कधी?"

"मार्चमध्येच."

"बघा! आणि डॉक्टर नको म्हणाले तर मॉरिशस. घड्याळ दीड तास मागे, विमान सहा-साडेसहा तासांचं, व्हिसा नको. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यावर गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडं तिथे मराठी म्हणून आहेत, गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. गणपतीत जा, मोदकसुद्धा मिळतील."

ह्यांनी सिंगापूर-न्यूयॉर्कच्या विमानाचा विषय काढायचा प्रयत्न केला. माईंनी नळीचं तोंड जाईकडे वळवलं आणि तो विषय संपला.

तर सध्या ठरलंय ते असं: सोमवारी डॉक्टर, डॉक्टर हो म्हणाले तर लस आणि ऑगस्टमध्ये केनिया, नाही म्हणाले तर भाद्रपदात मॉरिशस. तुमच्यापैकी कोणी आफ्रिकेचं तिकीट आधीच काढून बसला असाल, तर बॅग भरायला घेण्याआधी लसीकरण केंद्रात फोन करून तारीख घ्या. ही केंद्रं थोडीच आहेत आणि सगळीकडे रोज लस देत नाहीत.