पंधरा मिनिटांचा गड

पुरंदरचे तह दोन झाले. पहिला १६६५चा, मिर्झाराजांशी. त्यात तेवीस किल्ले गेले आणि बारा राहिले. दुसरा १७७६चा, इंग्रजांशी. जानेवारीतल्या रविवारी सकाळी सातला, दिवे घाटाच्या माथ्यावर, बोचऱ्या वाऱ्यात, पोटात चहाचा घोटही नसलेल्या तीसेक माणसांना हे सगळं जो ऐकवतो, त्याला क्लबात ‘काका’ म्हणतात.

पुण्यातल्या बहुतेक भटक्या मंडळांत असा एक काका असतोच. बँकेतून नाहीतर कारखान्यातून निवृत्त, पायात हंटर शूज, डोक्याला कानटोपी, गळ्यात शिट्टी आणि सॅकला बाहेरून लटकवलेला स्टीलचा पेला. ‘गिरिप्रेमी’ची माणसं २०१२ साली एव्हरेस्टवर जाऊन आली; काकांचा क्लब त्या जातीचा नव्हे. इथे येतात ते नुकतंच मधुमेहाचं निदान झालेले गृहस्थ, पाठ धरलेली आयटीतली पोरं, सगळ्यांना पुरतील इतक्या वड्या आणणाऱ्या वहिनी आणि दर खेपेला एक नवं जोडपं, ज्यातल्या एकालाच यायचं असतं.

‘ठीक ५.३०. कुणासाठीही थांबणार नाही,’ असा ग्रुपवर निरोप असतो. ५.३०ला स्वारगेटवर काका एकटेच उभे असतात. गाडी सुटते सव्वासहाला, कारण काका सगळ्यांसाठी थांबतात.

सालांच्या बाबतीत या माणसाचा हात धरणारा नाही. ‘बावीस किल्ले’ म्हणणाऱ्याला ते चालत्या वाटेवर अडवून दुरुस्त करतील. अंतराच्या बाबतीत मात्र काका सराईत थापाडे आहेत.

मल्हारगडाचंच घ्या. झेंडेवाडीतून निघताना गड पंधरा मिनिटांवर असतो. खिंडीच्या पायथ्याशीही पंधराच मिनिटं उरलेली असतात. खिंड चढून आल्यावर कुणी बुडावर बसकण मारली, की काका घड्याळ पाहिल्यासारखं करतात आणि म्हणतात, ‘आता काय, फार तर पंधरा!’ एव्हाना मधुमेहवाल्यांच्या खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या संपलेल्या असतात. गोळ्या त्यांना चालतात का, हे वहिनींनी मघाशीच विचारून झालेलं असतं.

गंमत म्हणजे इथे थापेची मुळी गरजच नाही. सोनोरीचा हा किल्ला आकाराने एवढासा. मराठ्यांनी बांधलेला हा शेवटचा गड. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६०च्या दरम्यान, दिवे घाटावर नजर राहावी म्हणून तो उभारला. तास-दीड तासात रमतगमत कुणीही वर पोचेल. पण तास हा शब्द काका उच्चारणार नाहीत. तो ऐकल्यावर निम्मा क्लब पोह्यांच्या टपरीवरच गळतो, हे त्यांनी पाहिलेलं आहे. शिवाय अशा वेळी साक्षीदारही आयता मिळतो. वाटेवर मोळी घेऊन उतरणाऱ्या आजींना कुणी काकुळतीनं विचारतं, ‘गड किती लांब?’ आजी न थांबता म्हणतात, ‘लांब कुठला, ह्यो काय हितं!’ काका सगळ्यांकडे वळून पाहतात. बोलत नाहीत.

पावसाळ्यातली गर्दी काकांना मंजूर नाही. ते भटकणं नव्हे, भिजणं, असं त्यांचं मत. भटकायचं ते थंडीत. हवा स्वच्छ, हरभरा घाट्यांवर आलेला, ज्वारी हुरड्याला टेकलेली, बांधापलीकडे अंजिराच्या बागा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही काकांकडूनच कळतं. थंडीची दुसरी बाजू ते निरोपात लिहीत नाहीत. वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यांत अशी रुततात की सोमवारी ऑफिसात टोचावीत. आणि उतारावर घसारा. आयटीतली पोरं तिथे बसून उतरायला लागली, की काका खालून सूचना देतात: पाय आडवा टाक, टाचेवर भार दे, झाडाची फांदी धरू नकोस, ती वाळलेली आहे. ही सूचना त्या सकाळची सगळ्यात खरी असते. सगळ्यांच्या मागून येणाऱ्या बॅकलीडला मात्र ती नेहमीच उशिरा ऐकू जाते, कारण त्याच्याकडे तोवर दोन सॅक आणि ते नवं जोडपं आलेलं असतं.

वर बालेकिल्ल्यात खंडोबा आणि महादेवाची देवळं आहेत. तिथे एकदाचं टेकल्यावर डबे उघडतात आणि समोर पुरंदर-वज्रगडाची जोडी दिसते. काका खाण्याआधी उभे राहतात. संभाजीराजांचा जन्म १६५७, सवाई माधवरावांचा १७७४, दोन्ही समोरच्या गडावर. एरवी इतिहासाचं पुस्तक न उघडणारी माणसं भाकरी चावत ऐकतात. दम लागल्यामुळे असेल, पण ऐकतात. शाळेत मास्तरांना हे कधी साधलं नव्हतं.

परतीच्या गाडीत काका पुढचा बेत जाहीर करतात: कात्रज ते सिंहगड, पौर्णिमेच्या रात्री. ‘डोंगर किती?’ मागून कुणीतरी सावधपणे विचारतं. तोरणा कोणत्या साली घेतला यावर दोन बखरी ताडून पाहणारे काका खिडकीबाहेर बघत म्हणतात, ‘डोंगर कसले हो! टेकड्या. चार-दोन.’

त्या डझनभर तरी आहेत, हे गाडीतल्या निम्म्यांना ठाऊक असतं. मधुमेहवाले मोज्यातलं कुसळ उपटता उपटता पहिलं नाव देतात. जोडप्यापैकी ज्याला यायचं नव्हतं, तो विचारतो, जेवण धरून किती?