सिनेमा राहू द्या, आजोळ सांगा

सिनेमाचं परीक्षण लिहायचं म्हटलं की नवशिक्याच्या पोटात गोळा येतो. पटकथा, संकलन, छायाचित्रण यातलं काही कळायला हवं, असा त्याचा भाबडा समज असतो. घाबरू नका. तुमचं आजोळ दाभोळला असेल तर निम्मं परीक्षण लिहून झालंच. नसेल तर काढा एक. तपासायला कोण येतंय?

१. सिनेमा निवडा. शक्यतो अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. कोकण आहे, समुद्र आहे, वडील गेलेला मुलगा आहे, बदलीची नोकरी करणारी आई आहे. यातलं काहीच तुमच्या वाट्याला आलं नसेल तर वाईट वाटतं, पण पाऊस तरी पडला असेल की नाही?

२. सुरुवात ‘मी’पासून करा. दिग्दर्शकाला घाई नसते.

३. लगेच फेरीबोटीवर चढा. दाभोळ ते धोपावे. जेटीवर ताटकळलेल्या गाड्या, ‘येऊ द्या, येऊ द्या, बास!’ म्हणत बोनेटवर थाप मारणारा माणूस, डिझेलचा वास, कठड्याला टेकलेली आजी आणि तिच्या पिशवीतून अख्ख्या बोटीला कळलेली सुकी मासळी. वाशिष्ठीची खाडी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. तुम्ही चारशे शब्द घ्या. पिशवीला त्यातले दीडशे.

४. पडद्यावर तो मुलगा, चिन्मय, पावसात किल्ल्यात एकटा पडला, की त्याला तिथेच सोडा. तुम्ही लहानपणी अंजनवेलच्या गोपाळगडावर कसे चुकला होतात ते सांगायला घ्या. चिन्मयचं पुढे काय झालं ते वाचक बघून घेईल.

५. आई हवीच. त्यासाठी ‘श्यामची आई’ हाताशी ठेवा. साने गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यातलंच, दाभोळही त्याच तालुक्यात, म्हणजे नात्यातलंच. आचार्य अत्र्यांच्या या सिनेमाला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, हे ओझरतं सांगा. वनमालाबाईंच्या अभिनयावर एक ओळ, तुमच्या आईच्या सांदणांवर तीन परिच्छेद. सांदणं बिघडली होती हे लिहू नका. आई वाचते.

६. ‘यात सिनेमा कुठाय?’ असं कुणी खवचटपणे विचारलं, तर त्याला एन्‍रॉन कंपनीची आठवण करून द्या. ‘दाभोळ वीज प्रकल्प’ म्हणून जगभर गाजावाजा झाला, मोर्चे निघाले, सरकारं हादरली आणि २००१ साली वीजनिर्मिती थांबलीसुद्धा. प्रकल्प होता खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरकडे. दाभोळचं फक्त नाव. एवढ्या मोठ्या कंपनीला जे चाललं ते तुम्हाला का चालू नये? शीर्षकात सिनेमा घाला, मजकुरात स्वतः बसा.

७. तारे द्या. सिनेमाला साडेतीन, आजीला पाच. आजीला चार दिलेत तर मामा फोन करतात.

८. शेवटी ‘डोळे पाणावले’ लिहा. कशानं, ते लिहू नका.

एवढं करूनही एखादा चिवट वाचक विचारेलच, ‘पण बघू का सिनेमा?’ अशा वेळी मात्र खरं बोला. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली ‘किल्ला’ला स्फटिक अस्वल मिळालं, ते बालपरीक्षकांनी दिलेलं. सिनेमा पावणेदोन तासांचा आहे. परीक्षण लिहायच्या आधी तुम्हीही बघून घ्या.