सहज विचारलं

चौकस माणसाला भोचक म्हटलेलं चालत नाही. तो स्वतःला जिज्ञासू समजतो. बादरायणाची ब्रह्मसूत्रंही जिज्ञासेपासूनच सुरू होतात, हे त्याने कुठल्याशा प्रवचनात ऐकलेलं असतं. तिथे विषय ब्रह्माचा, इथे दुसऱ्या मजल्यावरच्यांनी फ्लॅट केवढ्याला घेतला याचा, एवढाच काय तो फरक.

तो थेट विचारत नाही. तुम्ही दोन बॅगा आणि बायको घेऊन रिक्षाची वाट बघत असता, तेव्हा येऊन म्हणतो, "काय, बाहेर निघालात?" हो म्हणालात की, "म्हणजे गावी?" पुन्हा हो. "म्हणजे वाटणीचं काही...?" तिसऱ्या 'म्हणजे'ला तो तुमच्या सातबाऱ्यावर पोचलेला असतो. तुमच्या कपाळावर आठी दिसली, की लगेच, "नाही, सहज विचारलं हो!"

सरकारने त्याची एकदा फार मोठी सोय केली. सातबारा आणि इंडेक्स टू घरबसल्या बघता येऊ लागले. "तुम्ही पासष्ट म्हणालात, कागदावर अठ्ठावन्नच दिसतात," हे वाक्य तो लिफ्टमध्ये, चार माणसांसमोर, निरागसपणे टाकतो. पण सरकारने त्याचा घातही केला. पूर्वी रेल्वेच्या डब्यावर आरक्षणाचा तक्ता डकवलेला असे. सहप्रवाशांची नावं, वयं सगळं उभ्याउभ्या कळे. 2018 साली मोठ्या स्टेशनांवर ते बंद झालं. तेव्हापासून प्रवासात राम राहिला नाही, असं तो म्हणतो.

त्याचं घर पुण्यात असेल, तर 2005 सालच्या माहिती अधिकार कायद्याखालचा देशातला पहिला अर्ज 12 ऑक्टोबरला पुण्यातल्याच पोलीस ठाण्यात दाखल झाला, हे तो असं सांगतो, की जणू तो अर्ज यानेच दिला असावा. प्रत्यक्षात याने एकही अर्ज केलेला नाही. दहा रुपयांचा स्टॅम्प लावा आणि तीस दिवस वाट बघा, हे कोणी सांगितलंय? तीस दिवसांत भाडेकरू बदलतो! धुण्याभांड्याच्या मावशी त्याच दिवशी सांगतात, तेही तोंडी आणि टिप्पणीसह.

बरं, आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. मुलीला स्थळ सांगून आलं, की आपली पावलं गुपचूप याच्याच दाराशी वळतात. मुलाचा पगार, वडिलांचं पथ्य, कर्जाचे हप्ते, 'शनिवारची बसायची सवय', सगळं तो दोन दिवसांत आणून देतो. एका पैशाची अपेक्षा नाही. चहा मात्र दोनदा लागतो. त्या दोन दिवसांत त्याला भोचक म्हणायची कोणाची टाप नसते.

त्याच्यापासून सुटका हवी असेल, तर चिडू नका, खोटंही सांगू नका; तो ते पडताळून बघतोच. सगळी उत्तरं सरळ द्या आणि शेवटी विचारा, "आणि तुमचं पेन्शन किती हो?" त्याला दूध आणायचं लगेच आठवतं.