दूध धावचीत

मराठी पोराला ‘रन’ शाळेच्या आधी गल्लीत भेटते. ती काढायची असते, जमल्यास चोरायची असते आणि मोजताना तिच्यावरून भांडायचं असतं. समालोचकांनी तिच्या जोडीला ‘धावचीत’सारखा ठसकेबाज शब्दही दिला. इथवर सगळं ठीक. पुढे इंग्रजीच्या पुस्तकात कुणाची तरी आई म्हणते, ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’, आणि दूध नेमकं कोणत्या टोकाला धावचीत झालं ते कळेनासं होतं.

साहेबाच्या भाषेत या शब्दाला उसंत म्हणून नाही. नळ धावतो, नाक धावतं, धुतलेल्या सदऱ्याचा रंग धावतो. मालक तर अख्खी कंपनी पळवतो. आपल्याकडे असं म्हटलं तर पोलीस येतील. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशासाठी पीटर गिलिव्हर हे संपादक या एका क्रियापदापाशी सुमारे नऊ महिने बसले होते. अर्थ भरले ६४५! १९२८ मध्ये त्या कोशाची पहिली आवृत्ती पुरी झाली तेव्हा सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. ‘रन’ने पुढे तिला गाठून मागे टाकलं. यात यंत्रांचा मोठा हात. आगगाडी, इंजिन, आता संगणकातला प्रोग्रॅम, सगळ्यांना इंग्रजांनी धावायलाच लावलं.

आपल्याकडे हे सगळं चालतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाटक चालतं, पेन्शनीत संसारही चालतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा गरगर फिरत असतो, डब्यात ज्वारीचं पीठ भसाभसा पडत असतं, तरी गिरणी आपली ‘चालू’च. बिनसाखरेचा चहा चालेल का विचारलं, तर फार खुशीतला पाहुणा ‘पळेल!’ म्हणतो. तेवढीच आपली धावपळ.

अपवाद लोकलचा. ‘गाड्या पंधरा ते वीस मिनिटे उशिराने धावत आहेत’ असं कानावर येतं, तेव्हा आपली गाडी दोन स्टेशनांच्या मधोमध ढिम्म उभी असते आणि दारातला माणूस रुळांवर उडी मारावी का, याचा अंदाज घेत असतो.

निवडणुकीत मात्र आपण पाय रोवून आहोत. अमेरिकेत उमेदवार अध्यक्षपदासाठी धावतो. सोबतच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ‘रनिंग मेट’ म्हणतात, तो शब्दही घोड्यांच्या शर्यतीतून आलेला. ब्रिटनमध्ये उमेदवार उभा राहतो, तसाच आपल्याकडेही. पण उभं राहिल्यानंतरची गंमत ब्रिटनला कुठली ठाऊक असायला! इथे एक उभा राहतो, दुसऱ्याला उभं करतात, तिसरा केवळ पहिल्याला पाडायला उभा असतो आणि अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनच्या आत चौथा बसतो. आपणहून तो क्वचितच बसतो, त्याला बसवतात. त्यासाठी आदल्या रात्री कुणाच्या गाड्या कुठे धावल्या, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक असतं.