शिकारीची गाडी

आमच्या कोल्हापूरच्या मातीतच शिकार आहे, असं मी शारजात भेटेल त्याला ऐकवतो. संस्थानच्या काळात पाळीव चित्ते बैलगाडीतून माळावर न्यायचे आणि काळविटांवर सोडायचे. त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. आमच्या घराण्यात चित्तेवान कुणी नव्हतं, आजोबा तलाठी होते. पण माती ती मातीच. तेव्हा इंडस्ट्रियल एरियात दुसऱ्याचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला डोंगरवाटा आणि शिकार, दोन्हीला चालेल अशी फोर बाय फोर हवीच, हे मला पटलं. बायकोला अजून पटवायचं होतं.

इथल्या जुन्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांतून हिंडलं की शोरूमची गरज उरत नाही. एका दुकानात नुसते गिअरबॉक्स, शेजारी नुसते दरवाजे. ज्या गाडीचं मढं यार्डात आल्या आल्या लचके तोडून संपतं, तिच्या बहिणी रस्त्यावर अजून धावताहेत, असा साधा हिशेब. प्राडो मऊ वाटली. रँगलर देखणी, पण माझं पोट पाहता ती मला शोभेना. लँड क्रूझरची किंमत ऐकून मी चहा मागवला. उरली जुनी निसान पॅट्रोल: सहा सिलिंडर, 4.8 लिटरचं इंजिन, पुढेमागे सबंध अॅक्सल.

विकणारा रहीम यार खानचा. "शिकार? यहाँ?" तो हसला. इथे 1983 पासून कायद्याने शिकारबंदी. "शेख लोग तो बाज़ लेकर हमारे यहाँ आते हैं, तिलोर के पीछे." तिलोर म्हणजे आपल्या माळढोकाचा चुलतभाऊ. अशा रीतीने गाडी सुरू होण्याआधीच माझी शिकार संपली. राहिल्या डोंगरवाटा.

यार्डामागे ट्रक उभे करायचं रेताड मैदान होतं. म्हटलं, इथेच परीक्षा. वाळूत टायरची हवा पंधरा पीएसआयवर आणतात हे मला ठाऊक होतं. चारही चाकांशी उकिडवा बसून मी ती विधिपूर्वक सोडली. मग आत चढून गिअरशेजारचा दुसरा लीव्हर ऐटीत ओढला आणि अॅक्सिलरेटर दाबला.

इंजिन डरकाळलं. गाडी ढिम्म.

माणसं जमली. मल्याळी फिटर म्हणाला, फळी घाला. बंगाली म्हणाला, फोर्कलिफ्ट आणा. पठाण ड्रायव्हरने नुसतीच मान हलवली, ते जास्त लागलं. मी उतरून दोन्ही हातांनी चाकापुढची वाळू उपसायला लागलो. ती जेमतेम दोन बोटं होती; खाली लगेच मुरूम लागला. तरी मी उपसत राहिलो, कारण एवढ्या लोकांसमोर नुसतं उभं राहणं त्याहून अवघड.

शेवटी करक चहा घेऊन आलेल्या पोऱ्याने ट्रे बॉनेटवर ठेवला, खिडकीतून हात घातला आणि लीव्हर एक घर पुढे ढकलला. त्यावर टू-एच, फोर-एच, एन, फोर-एल अशी घरं असतात. एनमध्ये इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटतो. मी मस्कतपर्यंत डरकाळ्या फोडल्या असत्या तरी गाडी वीतभर हलली नसती.

मग बसक्या टायरांवर डुलत डुलत पंक्चरवाल्यापर्यंत वरात गेली. हवेचे पैसे विकणाऱ्यानेच दिले. वर म्हणाला, "भाईसाब, ये गाड़ी मैं आपको नहीं दूँगा. कल रेगिस्तान में खड़े रहोगे और फ़ोन मुझे करोगे."

त्याने कोपऱ्यातली पांढरी सनी दाखवली. तिला लीव्हर एकच होता, आणि तीही ऑटोमॅटिक. बायकोला रंग आवडला.