पाणी न लागणारं पीक

खान्देशात तीन पिकं जोमात येतात: कापूस, केळी आणि प्लॉट. पहिल्या दोहोंना पाणी लागतं. तिसऱ्याला एक जेसीबी, चार गोण्या चुना आणि एक फ्लेक्स पुरतो. जळगावात सावखेडा-निमखेडी शिवाराकडे निघा, नाहीतर धुळ्यात वलवाडी-महिंदळ्याकडे. मागल्या हंगामात जिथं कपाशी होती, तिथं यंदा कमान उभी. कमानीवर देवाचं नाव, फ्लेक्सवर कारंजं आणि खाली ‘शहरापासून फक्त पाच मिनिटं’. ही पाच मिनिटं कुठल्या वाहनानं मोजली, ते छापायला जागा उरत नाही.

नियम नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. डिसेंबर 2020 मध्ये सरकारनं मुंबई आणि काही भाग वगळून अख्ख्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू केली. ग्रंथ जाडजूड आहे आणि भाषा कडक. साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडायचे तर दहा टक्के जागा मोकळी सोडा. आतला रस्ता साधारणपणे नऊ मीटरपेक्षा कमी नको, लांबी वाढली की रुंदीही वाढवा. आधी लेआउटला तात्पुरती मंजुरी घ्या, मोजणी करा, रस्ते, गटारी, दिवे, पाणी यांची सोय करा, मग अंतिम मंजुरी. वाचताना डोळे भरून येतात.

प्रत्यक्षात क्रम तेवढा उलटा: आधी विक्री, मग मोजणी, मग घरं, मग मोर्चा, आणि सगळ्यात शेवटी गटार. रस्ता म्हणजे दोन हायवा मुरूम. जुलैत पहिला दमदार पाऊस झाला की काळी जमीन तो गिळून टाकते. मग मोटारसायकल डांबरी रस्त्यावरच्या किराणा दुकानापाशी लावायची, चपला हातात घ्यायच्या आणि फ्लेक्सवरच्या कारंज्याची आठवण काढत घरी जायचं.

“काय भो, नळ कधी येतील?”

“अप्पा, लाइन मंजूर आहे ना! तोवर बोअर मारून घ्या.”

ही लाइन मंजूर असतानाच अप्पांचा नातू दहावीला जातो.

आता त्या दहा टक्क्यांचं बघू. नकाशावर ओपन स्पेस हिरव्या रेघांचा असतो. जागेवर आधी गाजर गवत येतं. मग कोपऱ्यात महावितरणची डीपी बसते. एका श्रावणात पत्र्याचं शेड उभं राहतं, पुढच्या श्रावणात मूर्ती येते, निवडणुकीच्या वर्षी सभामंडप उठतो आणि त्यावर निधी देणाऱ्याचं नाव देवापेक्षा मोठ्या अक्षरात लागतं. नियमावली ओपन स्पेसमध्ये थोडं बांधकाम करू देते. आपण त्यातलं ‘थोडं’ तेवढं सोडून देतो. पोरं क्रिकेट खेळतात शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर, त्याच्या मालकानं कंपाउंड घालेपर्यंत.

नीट आखणी आपल्या मातीतच नाही, असंही नाही. 1818 नंतर खान्देश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि नव्या पेठेचे रस्ते सरळ आखून घेतले. त्या धुळ्यात आजही पत्ता सांगायचा तर गल्लीचा नंबर पुरतो. इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी 1884 मध्ये नोकरी धरली, सुरुवातीच्या वर्षांतला काही काळ खान्देशात काढला आणि पांझरेच्या खोऱ्यात पाण्याचीच कामं केली. म्हणजे आखणी आणि पाणी, दोन्हींचा धडा धुळ्यात कधीच गिरवून झालाय. नव्या वसाहतीत मात्र कुरिअरवाल्याला सांगावं लागतं, “पाण्याच्या टाकीमागं, टाकी अजून बांधलेली नाही.”

मग नियम मोडणाऱ्याचं होतं काय? त्याला तारीख मिळते. 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा आला: 1 जानेवारी 2001 पूर्वीचे प्लॉट नियमित करू, यापुढे नाही. 2021 मध्ये तीच मुदत 31 डिसेंबर 2020 झाली: यापुढे नाही. 2025 मध्ये जमिनीच्या तुकडेबंदीचा कायदा सैल करताना 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतचे तुकडे पदरात घेतले. यापुढे अर्थातच नाही. गरिबानं घामाच्या पैशानं घेतलेला गुंठा बेकायदा ठरवून त्याला उघड्यावर टाकावं, असं कुणीच म्हणणार नाही. पण माफीचा अर्ज, आणि दंड असेल तर तोही, घेणाऱ्याच्याच वाट्याला येतो. प्लॉट पाडणारा तोवर पुढच्या शिवारात चुना टाकत असतो, आणि पुढची तारीख येणार याची त्याला पक्की खात्री असते.

पालिका तरी शहाणी म्हणावी, तर जळगावची घरकुल योजना आठवा. अकरा हजारांवर घरं बांधायची होती, जेमतेम दीड हजार झाली. जमिनीच्या कागदांची पूर्तता न करताच कामं काढल्याचा आक्षेप होता. 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयानं 48 जणांना दोषी ठरवलं आणि प्रकरण अपिलात गेलं. जळगावनं घरं काढली, धुळ्यानं निकाल दिला. दोन्ही शहरांनी मिळून केलेलं नगरनियोजन म्हणतात ते हेच.

2018 च्या हद्दवाढीत वलवाडी, महिंदळे धुळे महापालिकेत आले. तिथला माणूस शहरवासी झाला. पण ज्या धुळ्यात जुन्या गल्ल्यांनीच नळाची आठवडा आठवडा वाट पाहिली, तिथं नव्या कॉलनीचा नंबर कितवा, हे कुणी सांगायला नको.

तेव्हा बयाणा देण्याआधी फ्लेक्सचा फोटो नको, चार कागद मागा. अंतिम मंजुरीच्या शिक्क्यासह लेआउट. ओपन स्पेस आणि रस्ते आज कुणाच्या नावावर आहेत, तो उतारा. महारेराचा नोंदणी नंबर, कारण पाचशे चौरस मीटरच्या वरच्या आणि आठाहून जास्त प्लॉटच्या योजनेलाही ती नोंदणी लागते. आणि पाणी कोण, कुठून देणार, याचं लेखी पत्र. चारही कागद समोर आले तर सौदा करा. समोरचा “अप्पा, विश्वास नाही का?” म्हणाला, तर नाही म्हणून सांगा आणि उठा.